रत्नागिरीत सायलेन्सर बदलायचा असेल तर

समुद्राकाठी गाडी म्हातारी होते ती आधी खालून. आमच्या २०१२ च्या वॅगनआरचा रंग अजून छान आहे, पण मागचा सायलेन्सर शिवणीवर फुटला आणि गाडी रिक्षासारखी फटफटायला लागली. खाऱ्या हवेला सगळेच बोल लावतात, पण सायलेन्सर आतूनही तितकाच सडतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. घर ते शाळा एवढंच अंतर जाऊन गाडी बंद केली की मागचा डबा नीट तापतच नाही आणि त्या वाफेचं पाणी आतच साठतं. माझी गाडी रोज हेच करते. त्यामुळे मला चमक नको होती, पत्रा चांगला हवा होता.

मिरजोळे एमआयडीसीच्या बाजूला एक सायलेन्सरवाले आहेत, त्यांच्याकडे गेले. भावाबद्दल बोलायच्या आधी त्यांनी तीन डबे समोर ठेवले. "मॅडम, हातात घेऊन बघा." पहिला साध्या पत्र्याचा, वरून चंदेरी रंग मारलेला. उचलला तर हलका, हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं. आतल्या भोकाच्या नळ्या आणि पडदे यांच्यात आवाजाच्या लाटा अडून, उलटून एकमेकींना मारतात. तेच सुटे असतील तर वर कितीही रंग मारा! दुसरा ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पत्र्याचा, चांगला जड. तिसरा स्टेनलेसचा. त्याला लोहचुंबक चिकटला तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "हा नकली आहे." तसं नसतं. ४०९ या जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतोच आणि सायलेन्सरला ते सर्रास वापरतात. वरून तांबूस होतं, पण लवकर भोक पडत नाही. न चिकटणारं ३०४ त्याहून महाग.

मुलाला 'आवाजवाला' हवा होता. मालकांनी हसून नाही सांगितलं. मोटार वाहन कायद्यात आवाजाच्या प्रदूषणाला १० हजारांपर्यंत दंड आहे, आणि तो पावती घेऊन माझ्याकडेच आला असता.

मी दुसरा, ॲल्युमिनियमच्या थराचा घेतला. गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२७ ला संपतेय, तिच्यासाठी स्टेनलेसचे पैसे घालणं मला पटेना. हा डबा मात्र कापून वेल्ड करू देऊ नका, बोल्टवर बसणाराच मागा. वेल्डिंगच्या जागी थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. माझ्या पुढच्या पाइपला थोडं वेल्डिंग लागलंच. तेव्हा त्यांनी न सांगता आधी बॅटरीची वायर काढली, नाहीतर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, धोका असतो. गॅस्केट आणि डबा टांगायचे रबर नवे टाकले. डब्याच्या तळाचं बारीक भोक दाखवून म्हणाले, "इथनं पाणी ठिबकलं तर एमसील लावू नका हां, ते त्यासाठीच आहे."

हायवेवरच्या हातखंब्यापर्यंत नेऊन आणली, आत गुणगुण नाही. तक्रारी तीन. नळीचं तोंड बंपरच्या जरा जास्तच जवळ आलंय, ते सरळ करून घ्यायला परत जावं लागणार. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. वॉरंटी हवी तर तारखेसकट लिहून घ्या. आणि बसायला जागा नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तर जाऊच नका, हायवेवर डबे आपटून आलेल्या मुंबईच्या गाड्यांची रांग असते.