आर्म सर्व्हरवर खपवलेले बॅकअप सॉफ्टवेअर

आर्म प्रोसेसरच्या (ज्याची सूचनांची भाषा इंटेल-एएमडीहून वेगळी असते त्या) सर्व्हरसोबत बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा परवानाही त्याच विक्रेत्याकडून घेणार असाल, तर आमच्या पतसंस्थेला आलेला अनुभव आधी वाचावा. सर्व्हरविषयी आमची तक्रार नाही. तो वीज कमी खातो आणि खातेदारांचे काम व्यवस्थित करतो. तक्रार आहे ती त्यासोबत गळ्यात मारलेल्या परवान्याची.

चालू डेटाबेसचा रोज रात्री बॅकअप हवा, असे आम्ही मागणीपत्रात लिहिले होते आणि विक्रेत्याने सॉफ्टवेअर या सर्व्हरवर पूर्णपणे चालते असे कोटेशनमध्ये लेखी दिले होते. प्रात्यक्षिकात एक लहानसे फोल्डर साठवून, पुसून, परत आणून दाखवण्यात आले. प्रत्यक्षात त्या सॉफ्टवेअरची लिनक्स या कार्यप्रणालीसाठीची आवृत्ती इंटेल व एएमडी धर्तीच्या प्रोसेसरपुरतीच निघते, आणि ही गोष्ट दडवून विक्रेत्याच्या माणसाने ती आवृत्ती क्यूईएमयू या इम्युलेटरमार्फत, म्हणजे एका प्रोसेसरचा प्रोग्राम भाषांतर करून दुसऱ्यावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत, बसवली होती. परक्या प्रोसेसरची फाइल दिसताच ती इम्युलेटरच्या हवाली करण्याची सोय लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आहे. त्यामुळे कमांड नेहमीसारखीच चालते आणि बघणाऱ्याला संशय येत नाही.

रात्रीचा बॅकअप सकाळी काउंटर उघडले तरी संपेना, तेव्हा आमच्या तंत्रज्ञाने चालू प्रक्रियांची यादी काढली आणि प्रत्येक ओळीत सॉफ्टवेअरच्या नावाआधी इम्युलेटरचे नाव दिसले. कॉम्प्रेशन (डेटा आकाराने लहान करणे), हॅश (पडताळणीसाठी डेटाचा ठसा काढणे) आणि एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणे) ही प्रोसेसरला घाम फोडणारी कामे. त्यांची प्रत्येक सूचना भाषांतरित होऊन चालणार म्हटल्यावर वेळ लागणारच. पण संथपणा हा त्यातला लहान दोष होता. चालू डेटाबेसची एकाच क्षणाची सुसंगत प्रत घेण्यासाठी हे सॉफ्टवेअर कर्नेलमध्ये स्वतःचे मॉड्यूल, म्हणजे गाभ्याला जोडायचा भाग, बसवते, आणि अशा प्रकारचे इम्युलेशन केवळ वापरकर्त्याच्या पातळीवरील प्रोग्राम चालवते, इंटेलसाठी बांधलेले मॉड्यूल आर्मच्या कर्नेलमध्ये घालू शकत नाही. मॉड्यूल न मिळाल्याने सॉफ्टवेअर उघड्या फाइली एकामागून एक उचलत राहिले, लॉगमध्ये इशारा लिहीत राहिले, आणि विक्रेत्याने लावून दिलेल्या दैनिक अहवालात मात्र ‘यशस्वी’ एवढेच येत राहिले. चाचणीसाठी तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवला, तेव्हा डेटाबेस सुरूच झाला नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने हा प्रोसेसर आपल्या यादीत नसल्याचे सांगून तक्रार बंद केली, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. विक्रेत्याने मात्र परवान्याचे पैसे परत करण्याऐवजी इंटेलचा आणखी एक सर्व्हर विकत घेण्याचा सल्ला दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक हेतूने केलेली खरेदी वगळलेली आहे, या मुद्द्यावर तो अडून बसला आहे. आमच्या वकिलांनी वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ चा, म्हणजे सांगितलेल्या कामासाठी माल योग्य असण्याच्या गर्भित अटीचा, आधार घेऊन नोटीस पाठवली आहे. उरलेला हप्ता रोखून धरला आहे. दरम्यान आर्मसाठीच बांधलेले बोर्गबॅकअप हे बॅकअप सॉफ्टवेअर आणि डेटाबेसचा स्वतःचा डंप (डेटाबेसनेच काढून दिलेली पूर्ण प्रत) यांवर काम सुरळीत चालू आहे.

असा व्यवहार करण्यापूर्वी प्रोसेसरच्या नावानिशी पाठिंब्याचे पत्र विक्रेत्याकडून नव्हे, तर सॉफ्टवेअर कंपनीकडून घ्यावे. लिनक्सची ‘फाइल’ ही कमांड मुख्य प्रोग्रामवर चालवली की तो कोणत्या प्रोसेसरसाठी बांधला आहे हे एका ओळीत कळते. प्रात्यक्षिकही लहानशा फोल्डरचे न घेता, नोंदी चालू असलेल्या डेटाबेसचे घ्यावे आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून दिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.