बिघाड केबलचा, बिल कार्बोरेटरचं

माझी गाडी सकाळी पहिल्याच किकला सुरू व्हायची, तीही चोक न ओढता. मला ते चांगलं लक्षण वाटत होतं. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग म्हणजे कार्बोरेटर. गार इंजिनाला जास्त पेट्रोलचं मिश्रण लागतं आणि कार्बोरेटरवरचा चोक त्यासाठीच असतो, म्हणजे माझ्या गाडीला ते जादा पेट्रोल कुठून तरी आपोआप मिळत होतं. हा विचार तेव्हा सुचला नाही.

इंजिन तापलं की त्रास सुरू. थांबलो की भकभक करून बंद पडायची, ॲक्सिलरेटर पिळला की मिसिंग (मध्येच झटके खाणं), मागे काळा धूर आणि पेट्रोलचा वास. ॲव्हरेज पार घसरलं होतं.

मेकॅनिकने गाडी दोनदा रेस केली, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काजळी दाखवली आणि म्हणाला, "दादा, कार्बोरेटर गेलाय. साफ करून भागायचं नाही, नवीनच टाकावा लागेल." स्पार्क प्लग काढला नाही, एअर फिल्टर उघडला नाही, चोकच्या खटक्याला हातही लावला नाही. मी हो म्हणालो. जुना कार्बोरेटर मागितला तर म्हणाला, भंगारात टाकला.

दोन दिवसांत पुन्हा तेच. परत नेली तर त्याने कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण कमीजास्त करणारा स्क्रू, फिरवून दिला. स्लो (ॲक्सिलरेटर न पिळता इंजिन चालतं तो वेग) जरा सुधारला, धूर तसाच राहिला. धुरावर त्या स्क्रूचा उपयोग नाही, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. तो स्क्रू फक्त स्लोवर आणि थोड्याशा थ्रॉटलपर्यंतच काम करतो. पुढे कार्बोरेटरमधली सुई आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र, यांचं राज्य. तिसऱ्या फेरीला त्याने सांगितलं, "रिंग-पिस्टन गेलंय, इंजिन खोलावं लागेल. धूर बघताय ना?"

धूर मी रोजच बघत होतो, आणि तो काळा होता. रिंगा झिजून ऑइल जळायला लागलं की धूर निळसर येतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. इंजिन खोलायचं म्हटल्यावर मात्र मी गाडी तिथून उचलली आणि दुसऱ्या मेकॅनिककडे नेली.

त्यांनी आधी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोकावर काजळीचा कोरडा, मखमलीसारखा थर होता. "ऑइल असतं तर ओलं, चकचकीत दिसलं असतं," ते म्हणाले. मग टाकी उतरवली आणि चोकची केबल बोटांनी चाचपत खाली आले. एका जागी टाकीखाली दबून तिचं वरचं आवरण फाटलं होतं आणि आतली तार गंजून तिथेच धरून बसली होती. हँडलवरचा खटका पूर्ण बंद, पण कार्बोरेटरमधला चोकचा छोटा पितळी प्लंजर, म्हणजे वरखाली सरकणारा दट्ट्या, अर्धा वर अडकलेला. त्याच्या स्प्रिंगला तार मागे खेचवत नव्हती. म्हणजे चोक चोवीस तास अर्धा चालू. कार्बोरेटर नवीन घातला तरी केबल तीच राहिली होती, मग फरक पडणार कसा?

खरा संताप पुढे आला. तो "नवीन" कार्बोरेटर उघडला तर खालच्या वाटीच्या स्क्रूंच्या खाचा आधीच खाल्लेल्या, आत जुन्या पेट्रोलचा पिवळा चिकट थर, आणि मिक्श्चर स्क्रूच्या निमुळत्या टोकाला गोल वळ पडलेला. कुणीतरी तो कधीतरी गच्च आवळला होता. वरून घासूनपुसून चमकवलेला जुनाच माल मला नवा म्हणून विकला होता. जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "लावताना तुम्ही बघितला होता की." बिलावर नुसतं "कार्बोरेटर" लिहिलेलं, नवा की जुना याचा उल्लेखच नाही.

गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी एवढं तरी बघा. चोक बंद असताना केबलला किंचित ढिलेपणा असायला हवा. इंजिन पूर्ण तापल्यावर चोक ओढून पाहा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय; स्लो जेट तुंबलाय किंवा कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरातून हवा शिरतेय. काहीच फरक पडला नाही तर केबल आणि प्लंजर आधी तपासायला लावा. मिक्श्चर स्क्रूला कुणी हात लावणार असेल तर आधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्यांत पूर्ण बसतो ते मोजायला सांगा, म्हणजे मूळ जागी परत आणता येईल. पार्ट बदलायचा ठरला तर नव्याचं खोकं तुमच्यासमोर फुटू द्या, बिलावर "नवीन" लिहून घ्या आणि जुना पार्ट मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. पार्ट बदलूनही दुखणं तेच राहिलं, तर पुढच्या पार्टला होकार देण्याआधी पहिला का बदलला हे विचारा.

नवी केबल टाकायला फार वेळ लागला नाही. त्या संध्याकाळपासून काळा धूर नाही, आणि सकाळी गार इंजिनाला चोक ओढावा लागतो, जसा लागायलाच हवा. गाडीत मात्र अजून तोच घासलेला कार्बोरेटर आहे. काहीही बिघडलेलं नसलेला माझा मूळ कार्बोरेटर काही परत मिळाला नाही.