सील शाबूत, तेल जळकं

जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा स्कूटर पुन्हा उभी करत असाल तर गिअर ऑइलच्या कॅनवर काय छापलंय एवढ्यावर विसंबू नका. इंदूरच्या सियागंजाकडच्या एका दुकानाने मला दोन सीलबंद कॅनांत चुना लावला. दुकानाचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे.

गाडी मामांची, सीजे-थ्रीबी मॉडेलची जुनी जीप. तिच्या गिअर बॉक्समध्ये गिअर सहज पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात, म्हणून तिथे जीएल-४ दर्जाचं ९० नंबर तेल. त्यावरच्या जीएल-५ दर्जात दाते वाचवणाऱ्या गंधक-फॉस्फरसच्या रसायनांचा डोस साधारण दुप्पट असतो आणि त्यातली काही तेलं पितळ खातात. डिफरन्शिअलचं, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या ॲक्सलवरच्या दातेरी पेटीचं, गणित उलटं. तिथले तिरके, हायपॉइड दाते एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना जीएल-५च हवं. हे सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं. शेटजींनी कागद वाचला, "भिया, दोनों हैं, सीलपॅक माल" म्हणत दोन कॅन काढले. भावही बाजारभावापेक्षा फार कमी नव्हता. स्वस्त म्हणून संशय यावा असं काही नव्हतंच.

थोडी धावल्यावर जीपच्या मागून घुंईऽऽ सुरू झालं. वेग वाढला की आवाज चढायचा, ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की सूर बदलायचा. मिस्त्रीकाकांनी डिफरन्शिअलचा ड्रेन प्लग उघडला तर तेलात बारीक चंदेरी कीस. मग त्यांनी दोन्ही कॅन मागवले, तळाशी उरलेलं तेल हुंगलं आणि म्हणाले, "अरे, याला वासच नाही!"

खऱ्या गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, डोक्यात जाणारा दर्प असतो, तो हाताला लागला की साबणानेही लवकर जात नाही. इथे दोन्ही कॅनांत एकच, किंचित करपट वासाचं तेल. बोटांना मात्र ते अगदी बरोबर लागत होतं, आणि सगळी लबाडी तिथेच आहे. गिअर ऑइलचे दाटपणाचे नंबर इंजिन ऑइलपेक्षा वेगळ्या मापाचे असतात. ९० नंबर गिअर ऑइल आणि ४० किंवा ५० नंबर इंजिन ऑइल यांचा दाटपणा जवळपास सारखाच. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल गंधकाम्ल आणि मातीने साफ केलं की रंग उजळतो, पण दात्यांना वाचवणारी रसायनं त्यात कुठून येणार? बोटांत चोळून तेल पारखणारे आपण सगळेच इथे गंडतो.

कॅन उन्हात धरून पाहिला. झाकणाखालच्या चंदेरी पापुद्र्याला कडेने गोंदाचा पिवळट ओघळ, झाकणाची कडी एका ठिकाणी चिकटवलेली. बॅच नंबर दोन्ही कॅनांवर तोच. जीएल-४ आणि जीएल-५ एकाच बॅचचे कसे?

शेटजींचं उत्तर, "गाड़ी ही पुरानी है, भिया." डिफरन्शिअलमधल्या दातेरी चाकांची, क्राउन-पिनियनची जोडी बदलावी लागली, तेलाच्या कित्येक पट खर्च.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर ग्राहक आयोगात जाईन. त्याला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. अडचण बिलाची आहे. त्यावर शेटजींनी फक्त "ऑइल, २ नग" एवढंच लिहिलंय. तेव्हा दर्जा, नंबर आणि बॅच बिलावर लिहून मागा. लिहायला कां-कूं केली तर कॅन तिथेच ठेवून या.