गेट ते पोर्च: काँक्रीट की पेव्हर ब्लॉक? आधी मातीला विचारा

घर बांधून झालं की सगळ्यात शेवटी उरतो तो गेटपासून पोर्चपर्यंतचा रस्ता. तोवर हात आखडलेला असतो, वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते आणि मिस्त्री म्हणेल ते होऊन जातं. आमचंही तसंच झालं. जळगावजवळचा आमचा प्लॉट म्हणजे पूर्वीचं कपाशीचं वावर. काळ्या मातीवर चार बोटं मुरूम पसरला आणि त्यावर 4 इंच काँक्रीट ओतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात गेटपासून पोर्चपर्यंत मधोमध उभी भेग गेली, इतकी रुंद की त्यात रुपयाचं नाणं उभं राहायचं. साक्री तालुक्यात माझ्या ताईकडे एवढ्याच जाडीचं काँक्रीट आहे, त्यावर ओरखडाही नाही. तिच्या अंगणात हातभर खणलं की पिवळा, टणक मुरूम लागतो. फरक एवढाच.

म्हणून काँक्रीट की पेव्हर, हा प्रश्न मिस्त्रीला विचारायच्या आधी अंगणात 2 फुटांचा खड्डा खणून पाहा. काळी, चिकट, ओली असताना हाताला लोण्यासारखी लागणारी आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी माती निघाली, तर तुमचा हिशोब वेगळा. मुरूम लागला तर वेगळा.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. त्यावर काँक्रीटची लादी टाकली की लादीखालची मधली माती वर्षभर जवळजवळ सारखीच ओलसर राहते. कडेची मात्र पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात आटते. कडा कधी वर उचलल्या जातात, तर कधी त्यांच्याखाली पोकळी होते. काँक्रीटला दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. मग ते मधोमध तुटतं. लोक सिमेंटला दोष देतात, मीही दिला होता. सिमेंट चांगलंच होतं.

आता हिशोब. रस्ता 30 फूट लांब आणि 10 फूट रुंद, म्हणजे 300 चौरस फूट धरू. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून मी नग आणि माप देतो, भाव तुमच्या गावचे घाला. चौरस फुटाचा एकच दर सांगणाऱ्याकडून तुलना होत नाही, कारण त्या दरात किती मुरूम आणि किती जाडी धरली आहे ते कळत नाही.

काँक्रीट घरच्या गाडीसाठी 5 इंच जाडीचं असावं, 4 इंचाचं नको. ते 125 घनफूट होतं, म्हणजे सव्वा ब्रास. एम 20 या दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंट, रेती आणि खडी एकास दीडास तीन या प्रमाणात धरली तर साधारण 29 गोण्या सिमेंट, अर्ध्या ब्रासला थोडी जास्त रेती आणि एक ब्रासच्या थोडी वर खडी लागते. नदीची रेती मिळाली नाही तर धुतलेली क्रश सँड चालते, पण खडीच्या खाणीवरची नुसती डस्ट नको. तिच्यात भुकटी फार असते, ती पाणी पिते आणि माल कच्चा राहतो. काळ्या जमिनीवर 8 मिलिमीटरची सळई 8-8 इंचांवर आडवी आणि उभी बांधली तर साधारण 115 किलो लागते. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. कुणी जुनं कोटेशन दाखवलं तर ते नव्यानं काढायला लावा.

पेव्हरसाठी 60 मिलिमीटर जाडीचे ब्लॉक, तुटफूट धरून 315 चौरस फूट. खाली सव्वा इंचाचा रेतीचा थर, म्हणजे सुमारे 30 घनफूट. आणि चारही बाजूंनी काँक्रीटची कड, एकूण 80 फूट. ही कड बरेच जण वाचवतात आणि तिथेच फसतात. कड नसली की चाकाच्या दाबानं ब्लॉक बाजूला सरकतात, सांधे उघडतात आणि दोन पावसाळ्यांत रस्ता लाटालाटांचा होतो. अंगणात कपाशीची किंवा केळीची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर येत असेल तर 60 चे नकोत, 80 मिलिमीटरचे घ्या. काँक्रीटही मग 6 इंच करा.

वरच्या थरापुरतं पाहिलं तर बहुतेक वेळा पेव्हर स्वस्त पडतो, कारण त्याला सळई नाही, फळ्या नाहीत, व्हायब्रेटर नाही. पण खरा पैसा खाली आहे. काळी माती 2 फूट खणून काढायची म्हणजे 6 ब्रास माती निघते, आणि तिच्या जागी दीड फूट दाबलेला मुरूम म्हणजे 4.5 ब्रास, सुटा मोजला तर साडेपाच. तो 6-6 इंचांच्या थरांत, पाणी मारून, हातातल्या धुमसानं नको, रोलरनं किंवा कॉम्पॅक्टरनं दाबायचा. निघालेली माती फेकायला पैसे देऊ नका. बरड जमिनीवाले शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टर आणून ती नेतात, फक्त चार दिवस आधी विचारून ठेवावं लागतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. मुरमाड जमीन असेल तर काँक्रीट करा, डोळे झाकून. काळी जमीन असेल आणि 2 फूट खणून मुरूम भरायची ऐपत असेल, तरीही काँक्रीट चालेल. काळी जमीन आहे, पण बजेट 9 इंच मुरुमापुरतंच आहे, तर काँक्रीटच्या वाटेला जाऊ नका, पेव्हर टाका. खालची जमीन हलली की पेव्हर तिच्याबरोबर थोडा वरखाली होतो, तुटत नाही. खचलेले पंधरा-वीस ब्लॉक उचलायचे, रेती भरायची, परत बसवायचे, हे काम एका सकाळीत होतं. नळाची पाइपलाइन किंवा ड्रेनेज नंतर टाकायचं असेल तेव्हाही तो उपयोगी पडतो. काँक्रीट कटरनं कापावं लागतं आणि तिथलं ठिगळ कायम दिसतं. काँक्रीटच करणार असाल तर ओतायच्या आधी खालून एक-दोन रिकामे 4 इंची पाइप आडवे टाकून ठेवा.

पेव्हरचा त्रास म्हणजे सांध्यांतून उगवणारी हरळी आणि रेती उकरणाऱ्या मुंग्या. आमच्या आईला रोज अंगण झाडायची सवय आहे, तिला काँक्रीट बरं वाटतं. शहाबादी फरशीचा विचार मात्र गाडीच्या वाटेसाठी करू नका. चाकाखाली ती कोपऱ्यांतून तडकते.

पाण्याचंही पाहा. जळगावकडे वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. 300 चौरस फुटांच्या काँक्रीटवरून ते 19 हजार लिटरांहून जास्त पाणी वाहून जातं. पेव्हरच्या सांध्यांतून त्यातलं थोडंफार मुरतं, पण काळ्या मातीवर तेही खाली साचू देऊ नये. दोन्ही प्रकारांत 4 ते 5 फुटांना 1 इंच उतार द्या आणि ते पाणी शोषखड्ड्याकडे न्या. रस्त्याच्या कडेला फुलझाडांचं आळं करू नका, रोजच्या पाण्यानं तिथली माती फुगते.

काँक्रीट ठरलं तर ओतायच्या दिवशी स्वतः उभे राहा. दोन फळ्यांवर दोरी ताणा आणि 5 इंचांची खूण केलेली काडी जागोजागी खाली टेकवून पाहा. कुठे 3 इंच, कुठे साडेतीन निघतील. तिथला मुरूम तासून घ्या. सळईच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, हवेतच, नाहीतर घमेलीवाल्यांच्या पायांनी जाळी मुरुमात रुतते आणि 115 किलो लोखंड वाया जातं. गोणीमागे 25 लिटरच्या वर पाणी घालू देऊ नका. वरून गुळगुळीत घोटा मारायची मिस्त्रींना हौस असते, पावसाळ्यात त्यावर मोटरसायकल घसरते. खराट्याच्या आडव्या रेघा ओढून घ्या. दर 10 फुटांवर सवा इंच खोल सांधा कापा, संध्याकाळी ओतलं असेल तर दुसऱ्या दिवशी उजाडताच.

आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत करायची घाई नको. लेकी माहेरी येणार म्हणून अंगण तयार हवं, ही ओढ मला कळते, पण एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात ओलं काँक्रीट तासाभरात वरून वाळतं आणि जाळीसारखे तडे जातात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. उन्हाळ्यातच करावं लागलं तर ऊन उतरल्यावर ओता आणि आळी बांधून निदान 10 दिवस पाणी धरा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर 14 दिवस. 300 चौरस फुटांवर 1 इंच पाणी म्हणजे 700 लिटर, आणि ते उन्हानं रोज उडत राहतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असेल तर टँकरचे पैसे पहिल्याच कागदावर लिहा. 28 दिवस कार गेटबाहेर उभी राहील, शेजाऱ्यांना तेवढं आधी सांगून ठेवा.