वर कधी आणायचं? ब्रेव्ह्ज आणि ओरिओल्सचे दोन मार्ग

पोरगा तयार झालाय हे ठरवायचं कशावरून? तरुण खेळाडू हाताशी असलेल्या प्रत्येक व्यवस्थापनाला हा प्रश्न छळतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज आणि बाल्टिमोर ओरिओल्स यांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. अकादमीत किंवा क्लबात मुलांना वरच्या संघात कधी घ्यायचं हे ज्यांना ठरवावं लागतं, त्यांनी ती नीट पाहावीत.

ब्रेव्ह्ज सरळ पायरी गाळतात. मायकेल हॅरिस २०२२मध्ये मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांमध्ये, डबल-ए पातळीवर खेळत होता. त्याच्या वर ट्रिपल-ए, मग मेजर लीग. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर रणजीचा टप्पा टाळून थेट भारतीय संघात. २१ वर्षांच्या हॅरिसला मे महिन्याच्या अखेरीस वर बोलावलं, ते मुख्यतः सेंटर फील्डमधल्या त्याच्या क्षेत्ररक्षणाच्या भरवशावर. बॅटिंगला बहुतेकदा नवव्या क्रमांकावर पाठवलं. संघ आदल्या वर्षीचा वर्ल्ड सीरिज (मेजर लीगची अंतिम लढत) विजेता, त्यामुळे धावांचं ओझं त्याच्या खांद्यावर नव्हतंच. वर्षाखेरीस सरासरी .२९७ (म्हणजे हजार संधींत २९७ हिट, यशस्वी फटके), १९ होमरन (बहुधा मैदानाबाहेर जाणारे, थेट धाव देणारे फटके), आणि नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम नवोदित हा मान. पण त्याआधीच, ऑगस्टमध्ये, संघाने त्याच्याशी ८ वर्षांचा ७ कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता.

हा करार मला या पद्धतीचा खरा कणा वाटतो. संघाने एकदा शब्द दिला की चार वाईट सामन्यांनी खेळाडूची जागा डळमळत नाही. २०२५च्या पूर्वार्धात हॅरिसची बॅट अगदी थंडावली होती. तरी तो खेळत राहिला आणि उत्तरार्धात सावरला.

ओरिओल्सचं व्यवस्थापन प्रत्येक पायरीला पाय लावायला सांगतं. संघाचे व्यवस्थापकीय प्रमुख माइक एलायस २०१८च्या अखेरीस सूत्रं घ्यायला आले तेव्हा संघ त्या हंगामात ११५ सामने हरलेला होता, त्यामुळे वाट पाहायची मुभा होती. ॲडली रचमनला २०१९मध्ये ड्राफ्टमध्ये (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) पहिल्या क्रमांकावर निवडलं, तो मेजर लीगमध्ये आला मे २०२२मध्ये. मधलं २०२०चं वर्ष कोविडमुळे मायनर लीगशिवायच गेलं. त्याच ड्राफ्टमधला गनर हेंडरसन ऑगस्ट २०२२च्या शेवटच्या दिवशी आला आणि २०२३मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्या वर्षी संघाने १०१ सामने जिंकले.

पण पायऱ्या चढल्या म्हणजे तयारी झाली असं नाही, हे जॅक्सन हॉलिडेने दाखवलं. २०२३च्या एकाच हंगामात त्याने मायनर लीगच्या चारही पातळ्या पार केल्या. एप्रिल २०२४मध्ये वर आला तेव्हा वय २०. पहिल्या ३४ ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या संधींत) फक्त २ हिट आणि १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). महिना संपायच्या आत त्याला परत खाली पाठवलं. जुलैअखेर तो पुन्हा आला आणि त्याचा पहिलाच होमरन ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावांचा, होता. खाली पाठवणं ही शिक्षा नव्हती, शिकायला दिलेली मोकळीक होती, असं मी मानतो. मात्र खेळाडूला ती तशी वाटावी यासाठी त्याच्याशी स्पष्ट बोलावं लागतं: काय सुधारायचं, कुठे, किती दिवसांत.

यात पैशाचा हिशेबही असतो. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात आणि अशी ६ वर्षं झाली की खेळाडू कुठल्याही संघाशी बोलायला मोकळा होतो. शिकागो कब्जने २०१५मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलपर्यंत खाली ठेवलं. त्याचे १७१ दिवस भरले आणि तो संघाच्या हाती आणखी एक वर्ष राहिला. त्याची तक्रार २०२०मध्ये फेटाळली गेली. माझ्या मते हा मूल्यमापनावरचा डाग आहे, कारण अशा वेळी ‘अजून तयार नाही’ या शब्दांवर कुणाचाच विश्वास राहत नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२च्या करारानंतर सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. रचमन त्या वर्षी दुसरा आला आणि त्याला ती मिळाली.

तर निवडायचं काय? माझा कल असा: मुलाचं क्षेत्ररक्षण आजच वरच्या दर्जाचं असेल आणि संघ मजबूत असेल, तर ब्रेव्ह्जसारखं लवकर आणा, खालच्या क्रमांकावर खेळवा आणि हंगामभर जागा हलवू नका. बॅटिंगमध्ये मोठी खोट दिसत असेल, तर खाली ठेवा. ती खोट वेगवान पिचिंगसमोर (चेंडूफेकीसमोर) आपोआप भरत नाही. आणि संघ कमजोर असताना प्रेक्षकांना खूश करायला कुणालाही वर आणू नका.

पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, मात्र वेगळं धरा. ब्रेव्ह्जचा स्पेन्सर स्ट्रायडर २०२१च्या एकाच वर्षात तळापासून मेजर लीगपर्यंत पोचला, २०२३मध्ये त्याने २८१ स्ट्राइकआउट घेतले आणि एप्रिल २०२४मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. महाविद्यालयात असतानाही त्याचं कोपर एकदा दुरुस्त करावं लागलं होतं. शस्त्रक्रियेचं खापर लवकर बढतीवर फोडता येणार नाही, पण किती चेंडू टाकले आणि मध्ये किती विश्रांती मिळाली याची नोंद पिचरसाठी बढतीच्या निर्णयापासून वेगळी ठेवा, आणि ती वाचण्याची जबाबदारी प्रशिक्षकाखेरीज दुसऱ्या कुणाकडे द्या.