भूल, दात, इमर्जन्सी की वर्तन: पशुवैद्यकीय नर्सनं पुढे काय शिकावं?

पशुवैद्यकीय नर्स किंवा टेक्निशियन म्हणून काही वर्षं झाली, रोजचं काम अंगवळणी पडलं, की पुढे काय शिकायचं हा प्रश्न येतोच. बहुतेक जण तो 'कोणत्या विषयाला मान जास्त?' असा विचारतात. मी आधी दुसरंच विचारेन: शिकलेलं सोमवारी कामावर गेल्यावर वापरायला मिळणार आहे का? प्रमाणपत्र भिंतीवर लागलं आणि काम मात्र पूर्वीसारखंच कुत्रा धरून ठेवण्याचं राहिलं, तर वर्षभरात कौशल्य गंजतं आणि माणूस वैतागून नोकरी सोडतो. म्हणून खालची तुलना मुख्यतः याच अंगानं केली आहे.

भूल

चारही वाटांत माझा कल इकडे आहे, तो लपवत नाही. शस्त्रक्रिया होत असेल तिथे भूल असतेच, म्हणजे सराव रोजचा. पशुवैद्याचे हात आणि डोळे शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात, त्यामुळे जनावराकडे सतत पाहणारा माणूस बहुधा नर्सच असतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात भूल आणि गुंगीच्या औषधांशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत सुमारे ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळलं. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. यातले कुत्र्यांचे जवळपास निम्मे आणि मांजरांचे निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झाले, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन तासांत. सर्जन हातमोजे काढून पुढच्या केसकडे वळतो, तेव्हा पिंजऱ्याजवळ बसलेली व्यक्ती काय पाहते आणि कधी हाक मारते, यावर किती अवलंबून आहे ते यातून कळतं.

शिकायचं काय? कॅप्नोग्राफचा, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख वाचणं (उच्छ्वासाच्या शेवटी कार्बन डायऑक्साइड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असावा), सरासरी रक्तदाब ६०च्या खाली घसरायच्या आत ओळखणं, वेदनाशामकांचं नियोजन, शरीराचं तापमान राखणं. यातलं बरंचसं आहे त्या यंत्रांवर उद्यापासून सुरू करता येतं. अडचणी दोन. कॅप्नोग्राफच नसेल तर अर्धं शिक्षण पुस्तकी राहतं. आणि भुलीच्या वायूंची गळती शोषून घेणारी व्यवस्था नीट नसेल, तर स्वतःच्या तब्येतीचा विचार आधी करा, विशेषतः गरोदरपणात.

इमर्जन्सी आणि अतिदक्षता

बाहेरून सगळ्यात झगमगती वाट हीच. अमेरिकेत टेक्निशियनांच्या स्पेशॅलिटी अकादमींना (एकेका विषयातल्या तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना) मान्यता मिळायला सुरुवात झाली तीही या विषयापासून, १९९६ मध्ये. कामाला खोली आहे: आलेल्या जनावरांतून आधी कोणाला घ्यायचं ते ठरवणं, शॉक ओळखणं, रक्त देणं, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची शुश्रूषा. प्राण्यांसाठीच्या सीपीआरची 'रिकव्हर' मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्ये आली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, दोन मिनिटांचं एक आवर्तन, मग दाब देणारा माणूस बदलायचा. हे प्रशिक्षण थोडक्या तासांचं आहे. कोणतीही वाट धरा, एवढं तरी करूनच ठेवा.

भूल आणि इमर्जन्सी यांत निवड अडली असेल, तर एक वैद्यकीय सत्य लक्षात घ्या. हृदय थांबलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी फार थोडी घरी परततात. मात्र भुलीखाली हृदय थांबलं तर वाचण्याची शक्यता इतर कारणांच्या तुलनेत बरीच जास्त असते, कारण श्वासनलिकेत नळी आणि औषधासाठी शिरेत सुई बहुधा आधीच असते आणि कोणीतरी बघत असतं. इमर्जन्सीत तुम्ही पुष्कळ हराल, आणि ते रात्रपाळीत, रडणाऱ्या मालकासमोर. खर्च झेपत नाही म्हणून इच्छामरण निवडणारी कुटुंबंही इथेच वारंवार भेटतात. ज्यांना हे पेलतं त्यांच्यासाठी दुसरं काही नाहीच. पण ज्या दवाखान्यात रात्री कुलूप लागतं, तिथे राहून ही स्पेशॅलिटी करता येणार नाही. नोकरी बदलावीच लागेल.

दात

या वाटेचं कौतुक कमी होतं. कुत्र्याला ४२ कायमचे दात, मांजराला ३०, आणि हिरड्यांचे आजार तर सर्वांत जास्त दिसणाऱ्या आजारांपैकी. म्हणजे केसेसचा तुटवडा नाही. तोंडातले एक्स-रे काढणं, प्रत्येक दाताभोवती प्रोब (खुणा असलेली बारीक सळई) फिरवून हिरडीतल्या फटीची खोली नोंदवणं, हिरडीच्या वर आणि खाली साफसफाई: यातला मोठा भाग प्रशिक्षित नर्सच्या हातात येऊ शकतो. दवाखान्याला उत्पन्न दिसतं, त्यामुळे तुमच्या शिक्षणाचा खर्च मागायला सर्वांत सोपा विषय हाच.

मर्यादा कायद्याची आहे. निदान, औषध लिहिणं आणि शस्त्रक्रिया या गोष्टी साधारणपणे पशुवैद्यासाठी राखीव असतात, आणि दात काढणं त्यात कुठे बसतं याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. अर्ज करण्यापूर्वी तुमच्याकडचा नियम मुळातून वाचा. 'आमच्याकडे सगळे करतात' हा परवाना नव्हे. मान आणि मनगटंही या कामात झिजतात.

वर्तन

पिल्लांचा समाजात मिसळण्याचा संवेदनशील काळ कुत्र्यांत साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, मांजरांत दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत असतो. म्हणजे लसीकरणासाठी येणारं पिल्लू हाच तुमचा रुग्ण. यंत्रं लागत नाहीत, रात्रपाळी नाही, शरीरावर ताण कमी. भीती न वाढवता जनावर हाताळायचे छोटे अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत आणि त्यांचा फायदा दुसऱ्याच दिवशी दिसतो: ओरखडे कमी, गुंगीची गरज कमी.

पण पूर्ण स्पेशॅलिटी म्हणून मी हे जरा जपूनच सुचवेन. मालकाशी तासभर बोलण्याचे पैसे दवाखाना आकारत नसेल, तर तो तास तुमच्या जेवणाच्या सुट्टीतून जातो. आणि चावणाऱ्या कुत्र्याच्या औषधाचा निर्णय पशुवैद्याचाच असतो, तेव्हा या विषयात रस असलेला पशुवैद्य सोबत नसेल तर तुम्ही अर्ध्यावर अडकाल.

फिजिओथेरपी आणि पुनर्वसन, प्रयोगशाळेतले प्राणी, रक्ताच्या काचपट्ट्या वाचणं, हेड नर्स किंवा व्यवस्थापन हेही पर्याय आहेत. व्यवस्थापनात पगार लवकर वाढतो आणि जनावरं तितक्याच लवकर दूर जातात, एवढंच सांगून पुढे जातो.

छोटा कोर्स, टप्प्याटप्प्यानं सर्टिफिकेट, की पूर्ण स्पेशॅलिटी?

पशुवैद्यांची वाट ठरलेली असते: बहुधा वर्षभराची इंटर्नशिप, मग साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी (एकाच विषयातलं तज्ज्ञांच्या हाताखालचं प्रशिक्षण) आणि बोर्डाची परीक्षा, आणि त्यासाठी नोकरी सोडून जावं लागतं. नर्सचं तसं नाही, आणि हा मोठा फायदा आहे. अमेरिकी पद्धतीची टेक्निशियन स्पेशॅलिटी काम करता करताच होते. हजारो तासांचा अनुभव, सतत शिक्षणाचे तास, केसेसची नोंदवही, सविस्तर केस रिपोर्ट, वरिष्ठांनी सही केलेली कौशल्यांची यादी आणि शेवटी परीक्षा. ब्रिटनमध्ये प्रगत नर्सिंगचं सर्टिफिकेट मॉड्यूल घेत पूर्ण करता येतं; शिवाय नोंदणी टिकवायला तिथल्या नर्सना वर्षाला १५ तास आणि पशुवैद्यांना ३५ तास शिक्षण दाखवावं लागतंच. हे तास इकडचे-तिकडचे वेबिनार पाहून भरण्यापेक्षा एकाच विषयात घातले, तर दोन-तीन वर्षांत पाया तयार होतो.

मनात गोंधळ असेल तर थेट स्पेशॅलिटीचं शुल्क भरू नका. एक छोटा कोर्स करा, तीन महिने त्या केसेस मागून घ्या, आणि मग बघा की थकलेल्या दिवशीही तो विषय वाचावासा वाटतो का. मार्गदर्शक कोण हेही तेव्हाच पक्कं करा. कौशल्यांच्या यादीवर सही करणारा माणूस तुमच्या दवाखान्यात नसेल, तर बाहेर कोण करेल आणि ती सही चालेल का, हे अकादमीला लेखी विचारा. अर्ज अडकतात ते बहुधा परीक्षेत नाही, याच कागदांत.

आणि नोंदवही? ती निर्णयाची वाट न पाहता सुरू करा. अनेक अकादमी अर्जाआधीच्या ठरावीक काळातल्याच केसेस धरतात आणि आठवणीतून लिहिलेली नोंद तपासणीत टिकत नाही. प्राण्याची जात, वजन, वय, निदान, तुम्ही स्वतः काय केलं आणि शेवट काय झाला, एवढं त्याच दिवशी लिहा. मालकाचं नाव मात्र त्यात नको.