एकच पॅटर्न, तीन भाषा: कॅप्चर ग्रुप काही महिने वापरल्यानंतर

मराठी कागदपत्रांतल्या तारखा वेगळ्या काढायचं काम बरेच महिने चाललंय. त्यासाठी रेगेक्स वापरतो, म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते सांगणारा चिन्हांचा पॅटर्न. त्यातला कंस म्हणजे कॅप्चर ग्रुप; त्यात जुळलेला तुकडा वेगळा हाती येतो. ‘१५ मार्च १९५२’ दिसलं की दिवस, महिना, वर्ष तीन कंसांत पकडायचं. स्क्रिप्ट पायथनमध्ये, वेबपान जावास्क्रिप्टमध्ये, सर्व्हर गो भाषेत. कंस तिन्हीकडे तेच, हाती येतं ते मात्र निराळं.

आकड्यांत पायथन सरस. त्याचा बॅकस्लॅश-डी (‘कोणताही अंक’) देवनागरी अंक ओळखतो आणि पकडलेला ‘१९५२’ थेट इंटला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला, दिला तरी चालतो. बाकी दोघांत [०-९] लिहावं लागतं. पण महिन्यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू (‘अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर’) लावाल तर पायथनही दगा देतो. काना-मात्रा त्याच्या हिशेबी अक्षरंच नाहीत! ‘मार्च’मध्ये तो ‘म’पाशीच थांबतो, पुढे स्पेस सापडत नाही आणि अख्खी तारीख निसटते. मी शेवटी तिन्हीकडे बॅकस्लॅश-कॅपिटल-एस (‘स्पेस सोडून काहीही’) ठेवला.

सगळ्या जुळण्या एकदम देणारं पायथनचं फाइंडऑल मला अजून आवडलेलं नाही. कंस नसेल तर पूर्ण जुळणी, एक असेल तर नुसता तो तुकडा, जास्त असतील तर टपल, म्हणजे तुकड्यांचा गट. पर्याय देण्यापुरता एखादा कंस वाढवला तरी उत्तराचा आकार बदलतो. अशा कंसात सुरुवातीला ?: घाला, म्हणजे तो काही पकडत नाही; किंवा जुळण्या एकेक करून देणारं फाइंडइटर सरळ वापरा. जावास्क्रिप्टमध्ये मॅचला जी फ्लॅग (‘सगळ्या जुळण्या शोध’) लावला की ग्रुप गायबच होतात. २०२० च्या मॅचऑलमुळे ती कटकट मिटली.

दिवस ऐच्छिक ठेवला आणि तो नसला, तर पायथन नन (‘काहीच नाही’) देतं, जावास्क्रिप्ट अनडिफाइन्ड, गो रिकामी स्ट्रिंग. ग्रुप जुळलाच नाही की रिकामा जुळला, हे गोमध्ये कळायला ग्रुपचा इंडेक्स (मजकुरातली जागा) मागवून उणे एक तपासावं लागतं.

‘१५-३-१९५२’मधलं दुसरं चिन्ह पहिल्यासारखंच आहे का, हे बॅकरेफरन्सने, म्हणजे आधी पकडलेला तुकडा पॅटर्नमध्येच पुन्हा जुळवून, बघता येतं. गो तो पॅटर्न कंपाइलच करत नाही. बदल्यात इनपुट कितीही वेडंवाकडं असो, वेळ त्याच्या लांबीच्या प्रमाणातच लागतो. लोकांनी अपलोड केलेला मजकूर सर्व्हरवर तपासताना मला हा सौदा पटतो. चिन्हांची तुलना पुढे कोडमधल्या एका इफ अटीत होते.

ग्रुपला नावं जरूर द्या. जावास्क्रिप्टमध्ये ती २०१८ पासून आहेत. नाव लिहिताना पायथनला कंसातल्या प्रश्नचिन्हानंतर पी लागतोच; गो १.२२ पासून पीशिवायही घेतं.